साक्षीदाराचा ठावठिकाणा

विकत घ्यावयाची वस्तू स्वतः पारखता येत नसेल, तर ती ज्याने वापरली आहे त्यास विचारावे, हा व्यवहार मनुष्य बाजारात जाऊ लागला तेव्हापासूनचा असला पाहिजे. परंतु विचारणारा आणि सांगणारा यांची परस्परांशी काडीमात्र ओळख नसताना त्यांची गाठ विक्रेत्यानेच घालून द्यावी, आणि सांगणाऱ्याचे शब्दही विक्रेत्याच्याच हातून विचारणाऱ्यापर्यंत पोहोचावेत, ही रीत त्या मानाने अर्वाचीन आहे. छापखाना, टपाल आणि वृत्तपत्र या तिघांनी मिळून ती एकोणिसाव्या शतकात रूढ केली. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वस्तूच्या चित्राखाली पाच तारे आणि अनोळखी ग्राहकांचे चार-दोन ओळींचे अभिप्राय वाचून आपण मिक्सरपासून दवाखान्यापर्यंत सर्व गोष्टींची निवड करतो, ते अभिप्राय याच रीतीचे वारस होत. आणि त्यांच्या खरेखोटेपणाविषयी निरनिराळी सरकारे अलीकडे जे कायदे करीत आहेत, त्यांच्याही पाठीशी शंभरांहून अधिक वर्षांचा अनुभव उभा आहे. त्या अनुभवात यशापेक्षा अपयश पुष्कळ आहे, आणि म्हणूनच तो नीट वाचला पाहिजे असे मला वाटते.

प्रारंभ लंडनपासून करू. १८८९ च्या अखेरीस युरोपात शिरलेली इन्फ्लुएन्झाची साथ पुढची काही वर्षे पुनःपुन्हा उलटत राहिली, आणि त्या भयाच्या काळात फ्रेडरिक रो नावाच्या गृहस्थाने 'कार्बॉलिक स्मोक बॉल' हे साधन बाजारात आणले. रबराचा पोकळ चेंडू, आत कार्बॉलिक आम्लाची पूड. चेंडू दाबला म्हणजे ती नळीवाटे नाकात जाई. किंमत दहा शिलिंग. १३ नोव्हेंबर १८९१ च्या 'पॉल मॉल गॅझेट'मध्ये कंपनीने जाहीर केले की, हे साधन सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे, दररोज तीन वेळा वापरूनही ज्यास इन्फ्लुएन्झा होईल त्यास १०० पौंड देण्यात येतील, आणि या वचनाच्या सचोटीची खूण म्हणून १,००० पौंड अलायन्स बँकेत ठेवण्यात आले आहेत. लुईझा कार्लिल या बाईंनी २० नोव्हेंबरला तो चेंडू विकत घेतला, नेमाने वापरला, आणि १७ जानेवारी १८९२ रोजी त्यांना इन्फ्लुएन्झा झाला. कंपनीने पैसे देण्याचे नाकारले. प्रकरण कोर्टात गेले. आणि ७ डिसेंबर १८९२ रोजी अपील न्यायालयाने कार्लिलबाईंच्या बाजूने निकाल दिला. कराराच्या कायद्याचा अभ्यास करणारा प्रत्येक विद्यार्थी, मग तो लंडनमधला असो वा पुण्यातला, हा खटला पहिल्याच वर्षी शिकतो.

परंतु त्या जाहिरातींत वचनाखेरीज आणखी एक ऐवज होता, आणि त्याच्याकडे विद्यार्थ्यांचे सहसा लक्ष जात नाही. सरदार-उमरावांची, धर्माधिकाऱ्यांची आणि नामांकित वैद्यांची नावे घालून, त्यांना या चेंडूचा गुण आल्याची पत्रे त्यांत छापली जात असत. कोर्टापुढे तपासले गेले ते वचन. त्या पत्रांना कोणी प्रश्न विचारला नाही, आणि विचारला असता तर तो कोणत्या कायद्याखाली विचारावा हेही त्या काळी सांगणे अवघड होते. वचन देणाऱ्याचा पत्ता होता, त्याची बँकेतील अनामत होती, म्हणून त्यास बांधता आले. स्तुती करणाऱ्यावर कसलेच दायित्व नव्हते. इतकेच काय, खटला हरल्यावर १८९३ मध्ये नव्या कंपनीने बक्षिसाची रक्कम २०० पौंड केली आणि जाहिरातीत सांगितले की, हजारो चेंडू विकले गेले असता १०० पौंडांची मागणी फक्त तिघांनी केली. ज्या हजारोंनी काहीच म्हटले नव्हते, त्यांचे मौनही येथे साक्ष म्हणून रुजू करून घेतले गेले. आजचे दुकान जेव्हा नापसंतीचे अभिप्राय दडपून केवळ पसंतीचे प्रसिद्ध करते, तेव्हा ते ग्राहकांच्या मौनाचा असाच उपयोग करीत असते.

अमेरिकेत हा व्यवहार याहून फार मोठ्या प्रमाणावर वाढला. तेथील 'पेटंट औषधां'चा सगळा डोलारा जाहिरातींवर आणि जाहिराती प्रशस्तिपत्रांवर उभ्या होत्या. ओहायो राज्यातील कोलंबस येथे हार्टमन नावाच्या डॉक्टराने काढलेले 'पेरुना' हे औषध शेकडा सुमारे २८ भाग मद्यार्काचे होते, आणि त्याची थोरवी सांगणाऱ्यांत काँग्रेसच्या सभासदांची नावे छापलेली असत. मॅसॅच्युसेट्समधील लिन या गावी लिडिया पिंकहॅम यांच्या नावाने स्त्रियांचे एक औषध विकले जाई. आपली दुखणी श्रीमती पिंकहॅम यांना कळवा, त्या स्त्रीच्या नात्याने सल्ला देतील, असे जाहिरातीत आवर्जून सांगितलेले असे, आणि देशभरातील बायका, ज्या गोष्टी त्यांनी नवऱ्यालाही सांगितल्या नसतील, त्या विश्वासाने लिहून पाठवीत. १९०५ मध्ये 'लेडीज होम जर्नल'चे संपादक एडवर्ड बोक यांनी त्या जाहिरातीबरोबर लिडियाबाईंच्या थडग्याच्या शिळेचे छायाचित्र छापले. त्यावर मृत्यूचे वर्ष १८८३ होते. बावीस वर्षे पत्रे येत होती, उत्तरे जात होती, आणि ज्यांच्याशी आपण बोलतो आहोत असे त्या बायकांना वाटे, त्या केव्हाच मातीआड झाल्या होत्या. कंपनीचे म्हणणे पडले की, उत्तरे घरातली सून लिहवून घेते, तेव्हा श्रीमती पिंकहॅम हे नाव खोटे नाही. ही मखलाशी वाचून आजही चीड येते.

या पत्रांचे दलालही होते. रोग्यांनी औषधविक्यांना लिहिलेली खाजगी पत्रे रोगवार गठ्ठे बांधून हजारांनी विकली वा भाड्याने दिली जात, म्हणजे पुढच्या विक्रेत्यास तयार गिऱ्हाइकांची यादी मिळे. बोक यांच्यासाठी मार्क सलिव्हन यांनी या धंद्याचा शोध घेतला. आणि ७ ऑक्टोबर १९०५ पासून 'कॉलियर्स' साप्ताहिकात सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांनी पेटंट औषधांवर जी लेखमाला लिहिली, तिच्यात मद्यार्काच्या प्रमाणाबरोबरच प्रशस्तिपत्रे कशी मिळविली जातात याचीही झडती घेतली. जनमत खवळले, आणि ३० जून १९०६ रोजी शुद्ध अन्न व औषधांचा कायदा अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीने संमत झाला.

येथून खरी कहाणी सुरू होते, कारण हा कायदा ज्या ठिकाणी अडला त्याच ठिकाणी पुढचे कायदेही वारंवार अडलेले आहेत. डॉ. जॉन्सन नावाच्या इसमाने कर्करोगावर गुणकारी म्हणून एक औषध विकले. सरकारने खटला भरला. आणि १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती होम्स यांच्या लेखणीतून, असा निर्णय दिला की कायद्याने बंदी घातली आहे ती बाटलीत काय आहे याविषयीच्या असत्याला. तिने काय बरे होईल याविषयीचे मत त्या बंदीत येत नाही. न्यायमूर्ती ह्यूज यांनी याविरुद्ध आपले मत नोंदविले. काँग्रेसने १९१२ मध्ये दुरुस्ती करून गुणांविषयीचे खोटे दावेही निषिद्ध केले, पण एक अट घालून: दावा खोटा असला पाहिजे, आणि तो फसविण्याच्या हेतूने केलेला असला पाहिजे. विक्रेत्याच्या अंतःकरणात शिरून त्याचा हेतू सिद्ध करण्याचा बोजा सरकारवर पडला. मग प्रशस्तिपत्रांना एक नवेच मोल आले. विक्रेता न्यायालयात गठ्ठा उघडून सांगू लागला की, शेकडो लोकांनी गुण आल्याचे लिहून कळविले आहे, त्यावर मी विश्वास ठेवला, यात माझी लबाडी कोठे आली? जी पत्रे ग्राहकास भुलविण्यासाठी जमविली होती, ती आता विक्रेत्याची ढाल झाली.

मधुमेहावरील 'बॅनबार' या औषधाचा खटला या संदर्भात विसरता येण्यासारखा नाही. इन्सुलिन १९२२ पासून उपलब्ध झाले होते. तरीही एका रानवनस्पतीचा हा काढा मधुमेहाचे औषध म्हणून विकला जात होता, आणि पत्रांचा ढीग त्याच्या दिमतीस होता. सरकारी अधिकाऱ्यांनी त्या पत्रलेखकांचा एकेक करून माग काढला, आणि त्यांतील कितीएक त्याच मधुमेहाने वारल्याचे दाखले न्यायालयापुढे ठेवले. तरीही विक्रेता सुटला, कारण त्याने जाणूनबुजून फसविले हे शाबीत झाले नाही. पुढे १९३३ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने एक प्रदर्शन भरविले, ज्याला वृत्तपत्रांनी 'भयदालन' असे नाव दिले. त्यात एका बाजूस औषधाची स्तुती करणारे पत्र आणि शेजारी ते लिहिणाऱ्याच्या मृत्यूचा दाखला अशी मांडणी होती. माझ्या मते अभिप्रायांच्या विश्वसनीयतेविषयी आजवर जे काही लिहिले गेले, त्या सर्वांपेक्षा हे दोन कागद अधिक बोलके आहेत. पत्र बहुधा खोटे नव्हते. लिहिणाऱ्यास त्या आठवड्यात बरे वाटलेही असेल. पण त्यानंतर त्याचे काय झाले हे विचारण्यास कोणी त्याच्या दारी गेला नव्हता, आणि जाणार कसा, कारण त्याचा ठावठिकाणा विक्रेत्याच्या दप्तरात बंद होता. १९३८ च्या कायद्याने अखेर हेतू सिद्ध करण्याची अट काढून टाकली.

आपल्याकडील जुन्या महजरांची, म्हणजे वादाच्या निवाड्याच्या लेखांची, येथे आठवण होते. वतनाचा वाद गोतसभेपुढे आला म्हणजे साक्ष देणारा माणूस गावातला, त्याचे घर आणि कूळ सर्वांस ठाऊक. तो बेलभंडार उचलून, पूर्वजांचे स्मरण करून बोले, आणि महजरावर त्याचे नाव व निशाणी पडे, पाटलाची असेल तर नांगर. ती साक्ष नेहमी खरी असे असा दावा कोणी करणार नाही. वतनांसाठी केलेल्या बनावट कागदांनी आपली दप्तरे भरली आहेत. पण खोटी साक्ष देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गावात वावरावयाचे असे. इंग्रजी अमलात १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने तीच गोष्ट दुसऱ्या रूपात मांडली: तोंडी पुरावा प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्याचाच असावा, आणि त्याची उलटतपासणी करता यावी. न्यायालयात पाच रुपयांच्या वादासाठी जी खबरदारी आवश्यक मानली जाते, ती लाखोंच्या खरेदीविक्रीत अनावश्यक का मानावी, याचे समर्पक उत्तर मला सापडलेले नाही.

स्तुती करणाऱ्यास पैसे मिळाले असतील तर ते सांगितले पाहिजे, हे आज इतके उघड वाटते की, ते मान्य होण्यास किती काळ लागला हे वाचून आश्चर्य वाटते. अमेरिकेत नखांच्या प्रसाधनांची विक्री करणारी एक कंपनी नट्यांना पैसे देऊन त्यांची शिफारस छापीत असे. व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या तेथील फेडरल ट्रेड कमिशनने तिला हरकत घेतली, आणि १९३२ मध्ये अपील न्यायालयाने कमिशनचाच हुकूम रद्द केला. न्यायालयाचा विचार असा की, शिफारस मुळात खरी असेल तर तिच्यासाठी पैसे दिले हे सांगितलेच पाहिजे असे नाही. १९७८ मध्ये मुरुमांवरच्या एका औषधाची शिफारस केल्याबद्दल गायक पॅट बून यांनी ग्राहकांच्या नुकसानभरपाईत वाटा उचलण्याचे कमिशनपुढे मान्य केले, तेव्हा शिफारस करणाराही जबाबदार असतो हे तत्त्व प्रस्थापित होऊ लागले. आणि १९८० च्या मार्गदर्शक सूत्रांत विक्रेता व शिफारसकर्ता यांचा आर्थिक संबंध उघड करण्याचे बंधन स्पष्ट शब्दांत आले. या सर्व व्यवस्थेत शिफारस करणारा मनुष्य नामांकित होता, सापडण्याजोगा होता. १९९५ मध्ये ॲमेझॉनने आपल्या पुस्तकांच्या दुकानात वाटेल त्या वाचकाला अभिप्राय लिहिण्याची मुभा दिली, आणि शिफारसकर्ता पुन्हा एकदा अज्ञातवासात गेला.

ही मुभा मुळात उदार होती. टीकाकारांच्या मक्तेदारीबाहेरचा सामान्य वाचक प्रथमच बोलू लागला. पण २००४ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनच्या कॅनडातील दुकानात काही तांत्रिक बिघाड होऊन अनाम अभिप्रायदात्यांची खरी नावे काही दिवस उघडी पडली, तेव्हा काही लेखकांनी स्वतःच्याच पुस्तकांची तोंड भरून स्तुती केली असल्याचे दिसून आले. कायद्याने यावर काही करावे, तर १९९६ चा अमेरिकन कायदा आड येत होता, कारण इतरांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल तो प्रसिद्ध करणाऱ्या जालस्थळास त्याने दायित्वातून मुक्त केले होते. २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने ब्रुकलिनमधील एका काल्पनिक योगर्टच्या दुकानाचे मालक असल्याची बतावणी करून प्रसिद्धीचा धंदा करणाऱ्यांना गाठले. त्यांनी बिनदिक्कत खोटे अभिप्राय लिहवून देण्याची तयारी दाखविली. असा एकेक अभिप्राय एक ते दहा डॉलरांना मिळत होता, आणि लिहिणारे फिलिपाइन्स, बांगलादेश व पूर्व युरोपात बसलेले होते. एकोणीस कंपन्यांकडून मिळून साडेतीन लाख डॉलरांहून अधिक दंड वसूल झाला.

ग्राहकाचे तोंड दाबण्याचाही प्रकार होता, आणि तो मी अधिक गंभीर मानतो. यूटा राज्यातील एका जोडप्याने मागविलेली किरकोळ वस्तू पोहोचली नाही म्हणून तक्रार लिहिली; तेव्हा विक्रीच्या शर्तींत निंदा न करण्याचे कलम आहे असे सांगून विक्रेत्याने त्यांच्याकडे ३,५०० डॉलरांची मागणी केली. अशी कलमे रद्दबातल ठरविणारा कायदा काँग्रेसने २०१६ च्या डिसेंबरात केला. अभिप्राय देणाऱ्याचे नाव चव्हाट्यावर यावे असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे. ठावठिकाणा कोणाकडे तरी नोंदलेला असणे वेगळे, आणि तो विक्रेत्याच्या हाती पडणे वेगळे.

सौंदर्यप्रसाधनांच्या 'संडे रायली' या कंपनीने आपल्या नोकरांकडून स्वतःच्याच मालाचे अभिप्राय लिहवून घेतले, आणि ते कोठून लिहिले जात आहेत हे लपविण्याच्या सूचनाही त्यांना दिल्या, असे २०१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या तपासात निघाले. तडजोडीत एक डॉलरही दंड झाला नाही. कमिशनच्या दोन सभासदांनी त्यास लेखी विरोध नोंदविला. पुढे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने फसवणुकीचे पैसे परत वसूल करण्याचा कमिशनचा एक जुना मार्गही बंद झाला. या कोंडीतून ऑगस्ट २०२४ चा नियम जन्मास आला, जो २१ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आहे. खोटे अभिप्राय, यंत्रबुद्धीने रचलेलेही, लिहविणे वा विकत घेणे, मालकाच्या नात्यागोत्यातील वा पदरच्या माणसांनी संबंध लपवून लिहिणे, प्रतिकूल अभिप्राय दडपणे हे सर्व त्यात निषिद्ध आहे, आणि प्रत्येक कसुरीच्या दंडाची कमाल मर्यादा २०२४ मध्ये ५१,७४४ डॉलर होती. विक्रेत्यास माहीत होते, किंवा माहीत असावयास हवे होते, एवढे दाखविले की दंड लागू होतो. १९१२ च्या दुरुस्तीने जी चूक केली ती येथे जाणीवपूर्वक टाळलेली दिसते. युरोपीय संघाने २८ मे २०२२ पासून, आणि ब्रिटनने ६ एप्रिल २०२५ पासून आपापली बंधने आणली आहेत.

आपल्या देशात चोप्रा समितीने १९३०–३१ मध्ये औषधांच्या बाजाराची पाहणी केली, १९५४ मध्ये आक्षेपार्ह औषधी जाहिरातींवर कायदा झाला. परंतु सामान्य ग्राहकाने काय करावे याचा विचार मुख्यतः चळवळीतून आला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून माल एकत्र निवडण्याची व घेण्याची पद्धत घालून दिली, तिच्यात शिफारस करणारा आणि ती मानणारा एकाच जिन्यावर राहत असे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे अशा संस्थांचे श्रम आहेत. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या शिफारसकर्त्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. आणि जुलै २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास मनाई केली. नट आणि क्रिकेटपटू या तरतुदींच्या कक्षेत येतात, कारण त्यांचा पत्ता सर्वांना ठाऊक आहे. पडद्यावरील अनाम ग्राहकास मात्र शोधावे कसे, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर देण्याचा प्रामाणिक प्रयत्न भारतीय मानक संस्थेने केला आहे. २५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालेले 'आयएस १९०००' हे मानक सांगते की, अभिप्राय लिहिणाऱ्याची ओळख ईमेल, दूरध्वनी वा लघुसंदेश यांसारख्या साधनांनी पडताळावी, त्याची वैयक्तिक माहिती सुरक्षित ठेवावी, आणि अभिप्रायांची व्यवस्था पाहणाऱ्याने पक्षपात करू नये. महजराची निशाणी आणि यूटातील जोडप्याची भीती, या दोहोंची दखल त्यात आहे. उणीव एकच, पण ती मोठी: हे मानक ऐच्छिक म्हणून आले.

ते सक्तीचे करावे, आणि बोजा योग्य खांद्यावर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खोट्या अभिप्रायामागचा हेतू ग्राहकाने वा सरकारने सिद्ध करीत बसू नये. ज्या बाजाराने ताऱ्यांची सरासरी दर्शनी लावून माल विकला, त्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मागताच लिहिणाऱ्याची पडताळणी दाखवावी, आणि ती दाखविता आली नाही तर तो अभिप्राय बाजाराचा स्वतःचा समजून कारवाई व्हावी. तोवर वाचकांना विनंती एवढीच की, अभिप्राय लिहाल तेव्हा वस्तू केव्हा घेतली, किती दिवस वापरली हे त्यात लिहा, आणि पुढे ती बिघडली तर तेही मागाहून जोडा. विक्रेताच ग्राहकाचे सोंग घेऊन बोलतो आहे असे आढळले, तर तो २०२० च्या नियमांचा भंग आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तेथे मराठीतही तक्रार नोंदविता येते.